कोचबाईंच्या नावासमोरचा फॉर्म्युला

मित्रांनो, तुम्ही माझ्याकडे पाहिले तर मी तुम्हाला दिसणार नाही. दिसेल तो फक्त एक शब्द. त्या शब्दावर टिचकी मारलीत, की पडद्याच्या वरच्या लांबट पट्टीत माझे खरे रूप उघडे पडते. मी लॅपटॉपवरच्या तक्त्यातला एक फॉर्म्युला आहे, जुना आणि कामावरून काढलेला. उघडे पडण्याची मला पूर्वी हौस होती. आता कोणी टिचकी मारली की अंग चोरावेसे वाटते.

माझा जन्म एका वृद्धनिवासाच्या ऑफिसात झाला. ऑफिस कसले, जिन्याखालची खोलीच ती. आत एक टेबल, टेबलावर लॅपटॉप, मागे किल्ल्यांचा फळा आणि समोर मोठी काच. काचेपलीकडे जेवणाचा हॉल. काचेला बोलण्यापुरते एक गोल भोक होते. हे ऑफिस सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांच्या वडिलांच्या वयाची माणसेही त्यांना ताईच म्हणत, आणि चष्मा हरवला, नळ गळला, झोप लागली नाही, काही झाले तरी त्या भोकाशी तोंड नेऊन त्यांनाच सांगत.

तिथे प्रत्येकाच्या ताटावर एक चिठ्ठी लागे. चिठ्ठीवर नाव आणि जेवणाचा प्रकार. प्रकार तीनच होते: साधे, बिनमिठाचे आणि मऊ. मऊ म्हणजे मिक्सरमधून काढलेले, चावावे न लागणारे. ताई रोज सकाळी या चिठ्ठ्या हाताने लिहीत. लिहिता लिहिता फोन घेत, किल्ल्या देत, आणि मग कोणाचे तरी मीठ कोणाला तरी जाई. शेवटी एक दिवस त्यांनी हे काम लॅपटॉपवर सोपवायचे ठरवले.

फाईलमध्ये एक शीट, म्हणजे चौकटींचा तक्ता, आधीपासून होती. तिचे नाव 'राहणारे'. तिच्यात खोल्यांच्या क्रमाने ओळी होत्या: खोली, तिथे कोण राहते, घरच्यांचा फोन, औषधे, जेवण. ताईंनी तिच्या शेजारी दुसरी शीट उघडली आणि तिला 'स्वयंपाकघर' असे नाव दिले. जेवणाच्या हॉलमध्ये माणसे ज्या क्रमाने बसतात त्या क्रमाने त्यांनी तिथे सगळ्यांची नावे टाईप केली. मग कोचबाईंच्या नावापुढच्या चौकटीत त्यांनी बरोबरचे '=' चिन्ह दिले, खालच्या टॅबवरून 'राहणारे' शीटवर गेल्या, कोचबाईंच्या ओळीतल्या जेवणाच्या चौकटीवर टिचकी मारली आणि एंटर दाबले. झाला माझा जन्म.

माझ्या पोटात फारसे काही नाही. आधी शेजारच्या शीटचे नाव, मग उद्गारचिन्ह, मग त्या शीटवरच्या एका चौकटीचा पत्ता. उद्गारचिन्ह पाहून मी सदा चकित असतो असे समजू नका. ते नुसते दार आहे. दाराच्या अलीकडे कोणाच्या घरात जायचे ते, पलीकडे त्या घरात कुठे पाहायचे ते. मी त्या दारातून सारखा पलीकडे पाहत असतो आणि तिथे जे लिहिले असेल ते इकडे दाखवतो. त्या दिवशी तिथे 'मऊ' लिहिले होते. मी 'मऊ' म्हणालो.

कोचबाईंनी सगळे आयुष्य मुलांना पोहायला शिकवले होते. आवाज असा, की पाण्याखालच्या मुलालाही ऐकू जावा. मग पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय बरेचसे सावरले, जीभ आणि घसा मात्र मागे राहिले. बोलणे रेंगाळे, घास कुठल्या नळीत जाईल याचा नेम नसे. म्हणून त्यांना मऊ जेवण, आणि त्या जेवणाचा त्यांना मनस्वी राग. "भिंत रंगवायला आणलंय का हे?" असे त्या रोज विचारत.

माझ्या खाली माझी भावंडे होती, प्रत्येक नावापुढे एकेक. ताई एक बटण दाबत आणि आम्ही सगळे चिठ्ठ्यांवर छापले जात असू. आमचे फार कौतुक झाले. डॉक्टरांनी कोणाचे मीठ बंद केले तर ताई 'राहणारे' शीटवर एक शब्द बदलत, आणि स्वयंपाकघरात तो आपोआप बदले. ताईंनी मध्ये एक नवी ओळ घातली, तर माझा पत्ता आपसूक एका ओळीने खाली सरके. एकदा त्यांनी त्या शीटचे नाव 'राहणारे लोक' असे केले. नावात मोकळी जागा आली की त्याला अवतरणचिन्हांत ठेवावे लागते. ती चिन्हेही माझ्या अंगावर न सांगता उमटली. ताई खुर्चीत मागे रेलून म्हणाल्या, "काय गुणी आहे हे." वृद्धनिवासाचे मॅनेजर पाहुणे घेऊन येत आणि आम्हाला दाखवत. पाहुणे मान डोलावत. मी फुगून जात असे.

मित्रांनो, त्या कौतुकात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही, आणि माझ्या तर येणारच नव्हती. मी कोचबाईंना ओळखत नव्हतो. माझ्या शेजारी त्यांचे नाव होते, पण त्या नावाशी माझे काही नाते नव्हते. मला फक्त पत्ता ठाऊक होता.

कोचबाईंची खोली वरच्या मजल्यावर होती. लिफ्ट आठवड्यातून एकदा तरी रुसत असे आणि मग त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणावे लागे. या गोष्टीची त्यांना इतकी लाज वाटे, की लिफ्ट बंद असली तर त्या "भूक नाही" म्हणत. हॉलच्या अगदी शेजारच्या खोलीत क्रेनकाका राहत. काकांनी जन्मभर बंदरावर क्रेन चालवली होती. उंच, सडपातळ, कमी बोलणारे. एक दिवस ते काचेच्या भोकाशी वाकले आणि म्हणाले, "ताई, माझी खोली बाईंना द्या. मी आयुष्यभर शिडी चढूनच कामाला गेलोय. वर मला बरं वाटेल."

ताईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे मॅनेजरना फोन लावला. संध्याकाळपर्यंत कपाटे हलली. आणि ताईंनी 'राहणारे लोक' शीट उघडून दोन ओळी दुरुस्त केल्या. खालच्या खोलीच्या ओळीत काकांचे नाव पुसून कोचबाईंचे लिहिले, त्यांचा फोन, औषधे, आणि जेवण 'मऊ'. वरच्या खोलीच्या ओळीत काकांचे नाव, आणि जेवण 'साधे'. सगळे अगदी बरोबर. त्यांनी एकदा वाचून पाहिले आणि लॅपटॉप मिटला.

आता पाहा. मी वरच्या खोलीच्या ओळीकडे पाहत होतो. मला तिकडेच पाहायला सांगितले होते. तिथे आता 'साधे' लिहिले होते. मी कोचबाईंच्या नावापुढे 'साधे' म्हणालो. काकांच्या नावापुढचा माझा भाऊ खालच्या खोलीकडे पाहत होता. तो 'मऊ' म्हणाला.

ताईंनी त्या चौकटी उचलून दुसरीकडे हलवल्या असत्या, तर आम्ही त्यांच्यामागे गेलो असतो. त्यांनी पुसून नवे लिहिले. पुसलेल्यामागे जायला आम्हाला येत नाही.

त्याच सुमारास जुने आचारी निवृत्त झाले आणि नवा आचारी आला. त्याला अजून कोणाचा चेहरा नीट माहीत नव्हता. चिठ्ठी वाचायची, ताट लावायचे, झाकण ठेवायचे. तरी त्याला शंका आली. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, की कोचबाईंचे ताट पूर्वी वेगळे असायचे. तो हात पुसत काचेशी आला. ताई फोनवर होत्या.

"ताई, त्या कोचबाईंना साधंच जेवण ना?"

ताईंनी फोनवर हात ठेवला. वर न पाहता विचारले, "चिठ्ठीवर काय आहे?"

"साधं."

"मग तेच द्या. चिठ्ठी कधी चुकत नाही."

तो गेला. चिठ्ठी म्हणजे मी. हे वाक्य ऐकून मला किती बरे वाटले होते, ते आज सांगतानाही मला तोंड लपवावेसे वाटते.

यानंतरचे दिवस मी नंतर ऐकलेल्या बोलण्यातून जुळवले आहेत. कोचबाईंनी पहिल्या दिवशी झाकण उचलले आणि ताटात खरपूस कडेचा पाव पाहिला. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. मग रुमाल ताटावर अर्धा ओढून घेतला आणि हळूहळू, एकेक तुकडा घोळवत, सगळा पाव संपवला. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. बोलले तर ताट परत जाईल, हे त्यांना पक्के माहीत होते.

तिकडे काकांच्या ताटात वाटलेली गाजरे आली. काकांनाही वाटले, कोणाला काही विचारू नये. आदल्या महिन्यात त्यांची छातीची तपासणी झाली होती. डॉक्टर काहीतरी लिहून गेले होते. आता न सांगता जेवण बदलले, म्हणजे काय ते त्यांनी आपल्या मनाशी समजून घेतले. चमच्याने सगळे खाल्ले, चमचा ताटात नीट ठेवला आणि शिडी चढल्यासारखे जिना चढून वर गेले.

असे बरेच आठवडे गेले. बिघडलेला फॉर्म्युला ओरडतो, मित्रांनो. तो आपल्या चौकटीत वेडीवाकडी अक्षरे दाखवतो आणि माणसे धावत येतात. मी बिघडलो नव्हतो. मी रोज स्वच्छ अक्षरात एक शब्द दाखवत होतो. तो शब्द दुसऱ्याचा होता.

मग ती दुपार आली. हॉलमध्ये चमच्यांचे आवाज चालले होते. एकाएकी एक खुर्ची जोरात मागे सरकली, आणि ज्या बाईंचा आवाज पाण्याखाली ऐकू जायचा त्यांच्या घशातून काहीच आवाज येईना. नर्स धावली. ताई धावल्या. पाठीवर थापांचे आवाज मी ऐकले. ते कितीतरी वेळ थांबत नव्हते. पावाचा तुकडा शेवटी बाहेर आला, पण काही छातीत उतरले होते. कोचबाईंना हॉस्पिटलमध्ये नेले. दोन दिवसांनी कळले की न्यूमोनिया झाला आहे आणि आताच काही सांगता येत नाही.

मॅनेजरनी ऑफिसात सगळ्यांना बोलावले. खोलीत चार माणसे मावत नव्हती, म्हणून आचारी दारातच उभा राहिला.

"त्यांना साधं जेवण गेलंच कसं?" मॅनेजरनी विचारले.

ताईंनी लॅपटॉप उघडला. त्यांनी 'राहणारे लोक' शीट उघडली, कोचबाईंची ओळ शोधली आणि पडदा मॅनेजरकडे वळवला. "हे बघा, साहेब. मऊ. फाईलमध्ये मऊच आहे."

"माझ्या चिठ्ठीवर साधं होतं," आचारी म्हणाला.

"चिठ्ठी याच फाईलमधून निघते," ताई म्हणाल्या.

"मी तुम्हाला विचारलंही होतं, ताई. इथं, या काचेशी."

ताईंनी त्याच्याकडे पाहिले. "मला नाही आठवत," त्या म्हणाल्या. आणि ते खरे होते. त्यांना खरोखरच आठवत नव्हते. दिवसातून शंभर माणसे त्या काचेशी येत.

चिठ्ठ्या रोज खरकट्याबरोबर कचऱ्यात जात. आचाऱ्याकडे दाखवायला काही नव्हते. मॅनेजर म्हणाले, "चौकशी होईपर्यंत तुम्ही घरी थांबा." आचाऱ्याने कमरेचा एप्रन सोडला, त्याची घडी घातली आणि तो कोणाला द्यावा हे न कळून किल्ल्यांच्या फळ्याखाली ठेवला.

मी शेजारच्याच शीटवर होतो. एक टिचकी, मित्रांनो. ताईंनी खालच्या टॅबवर एक टिचकी मारली असती, तर माझे तोंड दिसले असते. पण ज्या शीटकडे आम्ही पाहतो ती बरोबर आहे म्हटल्यावर आम्हाला कोण तपासणार? मी माझ्या चौकटीत 'साधे' म्हणत बसून राहिलो.

स्वयंपाकघर मदतनीस बाईंनी चालवले. कोचबाईंचे ताट बंद होते. काकांचे चालू होते.

काही दिवसांनी सकाळी काका काचेशी न थांबता सरळ ऑफिसात आले. दाढी केलेली, शर्टाची वरची गुंडी लावलेली. समोर बसले.

"ताई, एक विचारायचं होतं. पण खरं सांगायचं."

"विचारा ना, काका."

"माझं किती राहिलंय?"

ताईंना कळले नाही. "काय किती?"

"दिवस. म्हणजे, डॉक्टरांनी काही सांगितलं असेल तर. मला काही वाटणार नाही. नातीनं आठवडाभर राहायला बोलावलंय. मी नाही म्हणून सांगितलं. तिच्याकडे काही झालं तर पोरीला निस्तरत बसावं लागेल. पण ती फोनवर रडली हो. तेव्हा म्हटलं, निदान एकदा नीट विचारून घ्यावं."

"काका, तुम्हाला काय झालंय? तुमची तपासणी तर छान आली. मी स्वतः फाईलला लावलीय."

"मग मला वाटलेलं जेवण का देता?"

ताई हसल्या. कोचबाई हॉस्पिटलमध्ये गेल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या असतील. "तुम्हाला साधं जेवण आहे. थांबा, दाखवते." त्यांनी 'राहणारे लोक' उघडली. "हे पाहा. साधं."

काकांनी चष्मा वर करून पाहिले. "हो, इथं आहे खरं," ते म्हणाले. "ताटात मात्र नसतं."

ताईंचे हसू तसेच राहिले, पण बोटे थांबली. मग त्यांनी खालच्या टॅबवर ती टिचकी मारली. आमची शीट उघडली. काकांचे नाव, पुढे 'मऊ'. त्यांनी माझ्या भावावर टिचकी मारली आणि वरच्या पट्टीत त्याचा पत्ता वाचला. बोटाने पडद्यावर ओळ मोजली. मग त्या यादीत सावकाश वर आल्या आणि माझ्यावर टिचकी मारली.

मी उघडा पडलो. शेजारच्या शीटचे नाव, दार, पत्ता. एवढेच. त्या कितीतरी वेळ ते वाचत राहिल्या, जणू तिथे लांबलचक काही लिहिले आहे.

"काका," त्या शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. नातीला फोन करा. आत्ता करा."

"आणि हे?"

"हे मी केलंय."

काकांना फारसे कळले नाही, पण ते उठले. दारात थांबून म्हणाले, "म्हणजे माझा पाव बाईंना जात होता?" ताईंनी होकारार्थी मान हलवली. काका फोन करायला गेले. त्या दुपारी ताईंनी काचेला पडदा लावला. त्यानंतर कितीतरी दिवस त्या हॉलमध्ये जेवल्या नाहीत. डबा टेबलावर उघडत आणि हॉलकडे पाठ करून बसत.

त्या मॅनेजरकडे गेल्या तेव्हा मला बरोबर नेले होते. मॅनेजरनी सगळे ऐकून घेतले. ते वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. ते म्हणाले, "आचाऱ्याला परत बोलावून घ्या. चूक दुरुस्त करा. पण हॉलमध्ये याची वाच्यता नको. उद्या प्रत्येकाच्या घरचे फोन करतील, की आमच्या आईच्या ताटात काय होतं म्हणून."

दुसऱ्या दिवशी ताई लॅपटॉप पिशवीत घालून आचाऱ्याच्या घरी गेल्या. तो खिडकीत बसून एका स्टुलाचा पाय ठोकत होता. त्याच्या बायकोने दार उघडले. "आता आणखी काय राहिलंय?" ती म्हणाली, पण आत येऊ दिले.

ताईंनी टेबलावरचे वाळलेले कपडे बाजूला करून लॅपटॉप उघडला आणि मला दाखवायला सुरुवात केली. ही शीट, ती शीट, हा पत्ता. मला आयुष्यात कधी इतके उघडे वाटले नव्हते. आचाऱ्याने थोडा वेळ पाहिले आणि हातोडी खाली ठेवली.

"मला यातलं कळत नाही, ताई. मला एवढंच सांगा. चिठ्ठीवर काय होतं?"

"साधं."

"आणि मी विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

"आता आठवलं?"

"काल आठवलं. मी फोनवर होते. तुमचे हात ओले होते." ताईंनी लॅपटॉप बाजूला सारला. "तेव्हाच आठवायला हवं होतं."

त्याने ठोकलेले स्टूल सरळ उभे केले. मग म्हणाला, "बाई कशा आहेत?"

"ताप उतरलाय. पुढच्या आठवड्यात आणतील."

"घरी बसून मी रोज तेच आठवत होतो," तो म्हणाला. "मला वाटायला लागलं होतं, की मीच चुकीचं वाचलं असेल. साधं आणि मऊ यात मी कसा घोटाळलो, हेच कळेना. चष्म्याचा नंबर काढून आलो."

यावर ताईंना रडू आले. आचाऱ्याच्या बायकोने त्यांच्यापुढे वाळलेल्या कपड्यांतला एक रुमाल सरकवला आणि म्हणाली, "इथं रडून काय होणार? याला जिथं घरी जा म्हणालात, तिथं सांगा."

आचारी परत आला. पण हॉलने त्याला परत घेतले नाही. कोणी भांडले नाही. ताटे मात्र अर्धी परत येऊ लागली. एक आजी झाकण उचलून वास घेत आणि बाजूला सारत. "याच्याच हातून झालं ना ते," असे कोणीतरी म्हणे आणि बाकीचे चमचे हळू होत. तो आत उभा राहून परत आलेली ताटे रिकामी करी. पडद्याआड ताई हे ऐकत होत्या.

कोचबाई ज्या दिवशी परत आल्या, त्या दिवशी हॉल भरलेला होता. त्यांना खुर्चीतून आणून त्यांच्या जागी बसवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर ऑफिसचे दार उघडले आणि ताई लॅपटॉप तसाच उघडा हातात घेऊन हॉलच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. का घेतला होता कोणास ठाऊक. कोणाला त्यातले दिसणार होते?

"मला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "बाईंना पाव गेला, तो आचाऱ्यामुळे नाही. चिठ्ठीच चुकीची होती. चिठ्ठी मी बनवते. त्यांनी मला विचारलं होतं. मी वर न बघता सांगितलं, की चिठ्ठी चुकत नाही. नंतर साहेबांसमोर म्हणाले, की मला आठवत नाही. त्यामुळे त्यांना घरी बसावं लागलं."

मागच्या टेबलावरच्या एका आजोबांनी शेजाऱ्याला मोठ्याने विचारले, "काय म्हणतेय ती?" शेजाऱ्याने सांगितले, "चूक तिची होती म्हणतेय." "कोणाची?" "तिची." असे ते वाक्य टेबलामागून टेबल फिरत गेले, आणि ताईंना ते प्रत्येक वेळी उभ्याने ऐकावे लागले. मॅनेजर दारात आले होते. ते खाली पाहत होते.

मग कोचबाईंनी टेबलावर चमचा आपटला. त्यांचे बोलणे आता आणखी रेंगाळले होते, पण हॉलने वाट पाहिली.

"मला... माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पाव माझा नव्हता. मी... गप्प बसले. चोरून खाल्ला." त्यांनी दम घेतला. "फार छान होता."

कोणीतरी हसले, मग दोघे-तिघे हसले. कोचबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आचाऱ्याकडे मान वळवली आणि त्यांचे तोंड वाकडे झाले. "तुझं... काम गेलं," त्या म्हणाल्या. "माझ्या जिभेपायी." आचारी पुढे आला, त्यांच्यापुढे मऊ जेवणाचे ताट ठेवले आणि स्वतः झाकण उचलले.

त्या दिवशी क्रेनकाका आपले ताट उचलून कोचबाईंच्या टेबलावर आले. "हे असं नाही खायचं," ते त्यांच्या ताटाकडे पाहत म्हणाले. "मी बरेच आठवडे काढलेत यावर. गाजरात लिंबू पिळायचं. बटाट्यावर मिरपूड. हिरवं काय आहे ते विचारायचं नाही." कोचबाईंनी त्यांच्याकडे तिरपे पाहिले आणि लिंबासाठी हात पुढे केला. पुढच्या सोमवारी काका नातीकडे गेले. परत आले ते चांगले जाड होऊन.

सगळ्यांनी ताईंना माफ केले. हे त्यांना सगळ्यांत जड गेले. "अहो, यंत्रच ते, चुकायचंच," असे लोक त्यांना जाता-येता म्हणत, आणि त्या प्रत्येकाला सांगत, "यंत्र चुकलं नाही." हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. मी चुकलो नव्हतो हे खरे आहे. पण एका बाईंच्या नावाशेजारी मी इतके दिवस राहिलो आणि त्या बाई तिथून निघून गेल्या हे मला कळले नाही, हेही तितकेच खरे आहे.

ताईंनी मग नवी शीट केली. आमची जुनी त्यांनी पुसली नाही. तिच्यावर 'जुनी, वापरू नये' असे लिहून ती कडेला ठेवली. ऑफिसात कोणी नवीन कामाला आले, की त्या माझ्यावर टिचकी मारतात आणि सगळी हकीकत सांगतात, स्वतःचे नाव न गाळता.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी आम्हाला लिहाल. एका शीटवरून दुसऱ्या शीटकडे पाहायला सांगाल. तेव्हा आम्हाला नुसता पत्ता देऊन सोडू नका. ज्याच्यासाठी पाहायचे त्याचे नाव द्या, आणि ते नाव शोधायला सांगा. आणि लिहून झाले की विसरू नका. अधूनमधून येऊन टिचकी मारा. आम्ही जितके नीटनेटके दिसू, तितके अधिक वेळा या. समोर उभा असलेला माणूस काही विचारत असेल, तर आमच्यावर विसंबून त्याला उत्तर देऊ नका.

माझ्या जागी आता जो फॉर्म्युला आहे तो कोचबाईंचे नाव घेऊन पलीकडच्या शीटवर जातो, वरून खाली एकेक नाव वाचतो आणि जुळले तरच त्या ओळीतले जेवण घेऊन येतो. कधी नावात वेलांटी इकडची तिकडे होते आणि त्याला ते सापडत नाही. मग तो सगळ्यांदेखत वेडीवाकडी अक्षरे दाखवतो. चिठ्ठी निघत नाही. आचारी हात पुसत काचेशी येतो. ताई फोन खाली ठेवतात, खुर्चीतून उठतात, हॉलमध्ये जाऊन त्या माणसासमोर बसतात आणि विचारतात, "आज तुम्हाला काय चालेल?"

माझ्यामुळे कधी कोणाला खुर्चीतून उठावे लागले नव्हते. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटत असे.